शर्लीच्या घराची राखण

गॉडफ्रे बोलायचा थांबला की काहीतरी झालेलं असतं. त्या सकाळी मी वाडीत केळींना टेकू लावत होतो. जुलैचा वारा, घड भरलेले, एकेक झाड वाकत होतं. गॉडफ्रे फाटकातून आत आला, हातात फोन, आणि माझ्यासमोर येऊन नुसता उभा राहिला. तो आमचा शेजारी. वसईतल्या एका शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला. एरवी फाटकाबाहेरूनच त्याचं सुरू होतं.

"हरी," तो म्हणाला, "हात धू."

"कशाला?"

"धू रे आधी."

मी विहिरीजवळच्या दगडी डोणीवर हात धुतले. मग त्याने सांगितलं की माझी बायको द्वारका गेली. माझा फोन घरात चार्जिंगला होता म्हणून माझ्या मुलाने, प्रीतमने, त्याला फोन केला होता. ती तापाने आणि दम लागून इस्पितळात होती. आदल्या संध्याकाळी प्रीतमनेच मला घरी पाठवलं होतं, बाबा तुम्ही जरा झोपा म्हणून.

मी मागे वळलो आणि अर्धवट बांधलेल्या केळीचा टेकू बांधायला लागलो. गॉडफ्रेने बांबू धरून ठेवला. ते झाड बांधून झाल्यावर आम्ही निघालो.

इस्पितळातून तिचं सामान एका पिशवीत मिळालं. मंगळसूत्र, बांगड्या, फोन आणि किल्ल्यांचा जुडगा. जुडग्यात आमच्या घराची, कपाटाची, पंपाच्या खोलीची किल्ली होती. आणि एक लांब पितळी किल्ली. ती शर्लीच्या घराची.

शर्लीचं घर आमच्या वाडीला लागून आहे. कौलारू, पुढे ओटा, अंगणात क्रूस. तिची आई डायना वारली आणि शर्ली नवऱ्याबरोबर कॅनडाला गेली तेव्हापासून ते बंद आहे. किल्ली द्वारकेकडे असायची. दुपारी मी जेवून आडवा झालो की ती तिकडे जायची. खिडक्या उघडून येते म्हणायची. मी त्यावर कधी विचार केला नाही. आपली माणसं गेली की शेजाऱ्याचं घर शेजारी बघतो, आमच्याकडे तसंच आहे.

घरात आम्ही वाडवळी बोलतो. लिहिताना ती मला जमत नाही, म्हणून हे असं लिहितो.

तेरावं झाल्यावर प्रीतम आणि सूनबाई नेत्रा मला विरारला चला म्हणायला लागले. त्यांचा फ्लॅट आहे, एक खोली माझ्यासाठी रिकामी करून ठेवली होती. नेत्रा म्हणाली, "बाबा, इथे एकट्याने तुम्हाला कोण लुक आफ्टर करणार?"

"काय करणार?"

"लुक आफ्टर. म्हणजे सांभाळणार."

मी म्हटलं, "मला काय सांभाळायचंय? मी काय घड आहे?"

प्रीतम हसला नाही. म्हणाला, "बाबा, तुम्ही ताटावरून उठता. दोन घास खाता आणि उठून फाटकापर्यंत जाता. आम्ही बघत नाही का?"

ते खरं होतं. मला बसवत नव्हतं. बसलो की उठायला कारण मिळायचं, पंप चालू आहे का, गाय शिरली का. कारण संपलं तरी पाय चालूच.

तेवढ्यात द्वारकेचा फोन वाजला. शर्लीचा मेसेज. ती आमच्याशी बोलते आपल्याच भाषेत, पण लिहिते इंग्रजीत. नेत्राने वाचून दाखवलं. काकीची रोज आठवण येते, काका स्वतःला जपा, आणि आता घर लुक आफ्टर कोण करणार? तुम्हाला जमेल का? नसेल तर केनी तयार आहे, त्याला किल्ली द्या.

केनी तिचा चुलतभाऊ. कळंबला समुद्राजवळ त्याची कॉटेजेस आहेत. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येतात, स्पीकर लावतात, सोमवारी बाटल्या ठेवून जातात. डायनाच्या घरावर त्याचा जुना डोळा. जुनं घर, विहीर, झाडं, लोकांना आवडतं म्हणे.

"परत तेच," मी म्हटलं. "लुक आफ्टर. म्हणजे राखण ना?"

नेत्रा म्हणाली, "हो, तसंच काहीतरी."

"मग लिही तिला. करतो म्हणावं."

"बाबा, आणि विरार?"

"घर राखायचंय आता. कसा येऊ?"

प्रीतमने माझ्याकडे बघितलं. मी उठून फाटकापर्यंत गेलो.

किल्ली मला का सोडवत नव्हती ते तेव्हा मी कोणाला सांगितलं नाही. जुडग्यातल्या बाकी सगळ्या किल्ल्या माझ्या घरातल्या. ती दारं माझी उघडून झाली होती आणि त्यांतल्या कुठल्याच दाराआड द्वारका नव्हती. त्या एका घरात मी अजून बघितलं नव्हतं. हे वेड्यासारखं आहे, मला कळतं. तरी ते लोक विरारला गेले आणि मी लगेच तिकडे गेलो.

कुलूप काढलं. पुढची खोली, मधली, स्वयंपाकघर, मागची. आल्तारावर, म्हणजे त्यांच्या देव्हाऱ्यावर, मारियेची मूर्ती, खाली डायनाचा फोटो. खुर्च्या भिंतीला लावलेल्या. सगळं पुसलेलं. ती नव्हती. मी बाहेर येऊन दार ओढलं आणि कुलूप घातलं. त्यानंतर आत गेलो नाही.

पण राखण केली. राखण मला येते. आम्ही वाडीची माणसं, केळी आणि चाफा राखण्यात जन्म गेला. माकड, गाय, चोर, वटवाघूळ, कोण कुठून येतं ते आम्हाला ठाऊक असतं. मी रिक्षाने वसईच्या बाजारात गेलो आणि मोठं कुलूप आणलं. सुटे पैसे घ्यायचे विसरलो, दुकानदार मागे धावत आला. कुंपणाला बाभळीच्या काट्या लावल्या. खिडक्या आतून घट्ट होत्याच, बाहेरून खिळे मारले. भिंतीच्या वरच्या झरोक्यांना जाळी ठोकली आणि जाळीवर प्लास्टिक, पाऊस आत जायला नको. उंदराची भोकं सिमेंटने बुजवली. सकाळी चाफा तोडून झाला की एक फेरी, जेवताना मध्येच एक, संध्याकाळी एक. कुलूप ओढून बघायचं. अर्ध्या वाटेवरून परत जाऊन पुन्हा ओढायचं.

गॉडफ्रे त्याच्या ओट्यावरून बघायचा. एकदा म्हणाला, "हरी, आत सोनं ठेवलंयस काय?"

मी म्हटलं, "शर्लीने लुक आफ्टर करायला सांगितलंय."

तो काहीतरी बोलणार होता. पण मी थांबलो नाही. त्या दिवसांत मी कोणाचं वाक्य पुरं ऐकत नव्हतो.

दर रविवारी नेत्रा डबा घेऊन यायची. "बाबा, बसा ना जरा," म्हणायची. तिने विरारच्या खोलीला पडदे लावले होते, त्याचा फोटो दाखवला. मी चांगले आहेत म्हटलं आणि कुलूप बघायला गेलो.

गणपती झाले त्या आठवड्यात केनी आला. आमच्याकडे यंदा गणपती नव्हता. केनी गाडीतून उतरला आणि कुंपणाच्या काट्या बघून हसला.

"काय अंकल, बॉर्डर केली काय?"

"गाई येतात."

"शर्ली बोलली घर एकदा व्हिडिओवर दाखव. नाताळला येणार आहे ती. तेव्हा ठरवायचं कोणाकडे ठेवायचं ते. उघडा."

मी मोठं कुलूप काढलं, मग पितळी किल्ली फिरवली. दार फुगलं होतं. केनीने खांदा लावला तेव्हा उघडलं. आणि वास आला. पावसाळ्यात भिजलेलं गोणपाट कोपऱ्यात राहिलं की येतो तसा.

केनीने फोन धरला होता. पडद्यावर शर्ली, केस बांधलेली, मागे खिडकीत सकाळचं ऊन. "काका, कसे आहात?" म्हणाली, आणि पुढचं बोलायची थांबली. कारण केनीने फोन फिरवला होता.

खुर्च्यांवर पांढरी बुरशी होती. डायनाच्या फोटोच्या काचेवर आतून ओल चढली होती, तिचा चेहराच दिसत नव्हता. आल्ताराच्या लाकडी मेजाच्या पायावरून वाळवीची मातीची रेघ वर गेली होती. थेट मूर्तीखालच्या लेसपर्यंत.

"अंकल," केनी म्हणाला, "कुलूप लय भारी लावलंत. पण सांभाळलं काय? बुरशी?"

शर्ली म्हणाली, "काका, काकी आत काय काय करायची ते तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मी म्हटलं, "खिडक्या उघडायची."

"आणि तुम्ही त्यांना खिळे मारलेत?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज मऊ होता. "असू दे काका. तुमचं दुःख मोठं आहे. तुम्हाला हे सांगायलाच नको होतं मी. केनीला किल्ली देऊन टाका."

केनीने हात पुढे केला. मी किल्ली मुठीत धरून उभा राहिलो. लहान मुलासारखं झालं ते. केनी म्हणाला, "अंकल?"

मी फोनकडे बघून म्हटलं, "शर्ली, नाताळपर्यंत दे. तू ये, आपल्या डोळ्याने बघ. नाही आवडलं तर मी स्वतः कळंबला जाऊन ह्याला किल्ली देईन."

"अगो, तोवर पडेल ते," केनी म्हणाला.

शर्ली म्हणाली, "केनी, राहू दे त्यांच्याकडे. नाताळपर्यंत."

केनी गेला. मी दार उघडं टाकून ओट्यावर बसलो. पहिल्यांदा बसलो बहुतेक. गॉडफ्रे कुंपणाच्या काट्या काठीने बाजूला सारत आत आला.

"आता ऐकतोस का?" तो म्हणाला.

"बोल."

"लुक आफ्टर म्हणजे तुला काय वाटलं?"

"राखण. नेत्रा म्हणाली."

"राखण म्हणजे बाहेरच्याला आत येऊ द्यायचं नाही. त्याला इंग्रजीत गार्ड म्हणतात. लुक आफ्टर म्हणजे जे आत आहे त्याला काय हवं नको ते बघायचं. तान्ह्या मुलाला कुलूप लावून चालतं का? त्याला दूध लागतं. म्हाताऱ्याला औषध लागतं. घराला हवा लागते, विस्तव लागतो."

"विस्तव?"

गॉडफ्रेने माझ्याकडे बघितलं. "तुला खरंच ठाऊक नाही?" तो उठला आणि मला मागच्या दाराने बाहेरच्या, पण त्याच कौलांखालच्या स्वयंपाकघरात घेऊन गेला. तिथे डायनाची मातीची चूल आहे. चुलीत राख होती, शेजारी नारळाच्या सालीची सोडणं आणि करवंट्या रचलेल्या. फळीवर चहापत्तीचा डबा, साखरेचा डबा, झाकण घट्ट. आणि दोन कप उपडे घातलेले.

माझ्या आईचं म्हणणं होतं, बंद घरात दिवसातून एकदा चूल पेटली पाहिजे. धूर कौलांखालच्या वाशांपर्यंत जातो, वाळवी धरत नाही, ओल बसत नाही. ते मी लहानपणी ऐकलं होतं. पण आमच्या घरची चूल कधी थंड पडली नाही, त्यामुळे ते बायकांच्याच ध्यानात राहिलं. दुपारी इकडून धूर निघायचा तो मी बघितलाही होता. मला वाटायचं गॉडफ्रेचा बंब.

"रोज चहा करायची इथे?" मी विचारलं.

"रोज. एकटीसाठी काय चूल पेटवायची, म्हणून मला हाक मारायची. सर, या, म्हणायची."

"मला कधी बोलली नाही."

"तू घोरत असायचास. आणि मग तुझ्या तक्रारी कोणाजवळ केल्या असत्या?"

मी दोन कपांकडे बघत राहिलो. गॉडफ्रे म्हणाला, "इंग्रजी शिकत होती. शर्लीचे मेसेज सारखे नेत्राकडे न्यायचे म्हणून तिला संकोच वाटायचा. मी आपला मास्तर. लुकपासून सुरुवात केली. म्हटलं, क्रियापद एकच, त्याच्या मागचा छोटा शब्द बदलला की काम बदलतं. लुक अ‍ॅट, बघणं. लुक आफ्टर, सांभाळणं. पहिल्या दिवशी काय म्हणाली ठाऊक आहे? सर, लुक म्हणजे बघणे, आफ्टर म्हणजे नंतर, तर नंतर बघू! आमच्या ह्यांना हे जन्मापासून येतं."

मला हसू आलं. ती गेल्यानंतरचं पहिलंच. ते मध्येच वेगळं व्हायला लागलं तसा मी चुलीपाशी वाकलो आणि राख काढायला लागलो.

"माझा नियम होता," गॉडफ्रे मागून म्हणाला. "शब्द शिकलात तर वाक्य आपलं पाहिजे, पुस्तकातलं नको. आपण जे खरंच करतो त्याचं. तिने केलं. आय लुक आफ्टर शर्लीज हाउस. हरी लुक्स आफ्टर द बनाना. नोबडी लुक्स आफ्टर हरी, सो आय डू."

"चुका होत्या?"

"एकही नाही."

मी सोडणं पेटवली. ओली झाली होती, नुसता धूर झाला. डोळे चोळायला ते बरं पडलं. गॉडफ्रेने घरून दूध आणलं. चहा चांगला झाला नाही, साखर जास्त पडली.

"आणि लुक फॉर असतं का?" मी विचारलं. शाळेत कधीतरी ऐकलं होतं.

"असतं. लुक फॉर म्हणजे शोधणं."

मी कप धुतले.

दुसऱ्या दिवशी मी खिळे काढले. झरोक्यांचं प्लास्टिक फाडलं. खुर्च्या उन्हात काढल्या, ऊन मिळेल तेव्हा, आणि रॉकेलने पुसल्या. वाळवीची रेघ खरवडली. सुताराने मेजाचा पाय आतून पोखरलाय म्हणून सांगितलं आणि फणसाच्या लाकडाचा नवा बसवून दिला. मूर्तीपुढे रोज चाफ्याची फुलं ठेवायला लागलो. एकदा हाताच्या सवयीने कुंकूही लावलं. गॉडफ्रे बघून ओरडला, "हरी, अरे मारियेला सवाष्ण केलंस काय? पूस! फादर आले तर माझं नाव घेतील." मी पुसलं. फुलं मात्र तशीच. द्वारका पण फुलं ठेवायची, असं गॉडफ्रे म्हणाला.

दुपारी मी आता झोपत नाही. चूल पेटवतो, हाक मारतो, तो येतो. पायांची वळवळ गेली असं नाही. चहा उकळेपर्यंत मी चारही खोल्या फिरून येतो. पण हातात काम असतं. झाडू, फडकं, नाहीतर सोडणं. प्रत्येक खोलीत काहीतरी हवं असतं. ती नाही हे प्रत्येक खोलीत असतंच, पण काहीतरी हवं असतंही.

नेत्रा रविवारी आली तेव्हा मी तिला तिथेच चहा दिला. तिने धुरातून घर बघितलं. म्हणाली, "बाबा, माझंच चुकलं. राखण नव्हती ती."

मी म्हटलं, "तू तसंच काहीतरी म्हणाली होतीस. तसंच काहीतरी होतं."

प्रीतमने विरारचं पुन्हा काढलं. मी म्हटलं, नाताळनंतर बघू. तो म्हणाला, "तुमचं नंतर म्हणजे आम्हाला ठाऊक आहे." मी आणि चहाला आलेला गॉडफ्रे दोघेही हसलो. प्रीतमला कळलं नाही का ते.

काल शर्लीला मीच फोन लावला आणि घर दाखवलं. गॉडफ्रेने फोन धरला. तिने आल्तार बघितला, डायनाचा फोटो बघितला. काच उघडून मी आतली ओल पुसली होती, एका कोपऱ्यात डाग राहिलाय, पण चेहरा दिसतो. शर्ली रडली. मग नाक पुसून म्हणाली, "काका, मागची खोली?"

मी म्हटलं, "तिथे अंधार आहे. खिडकी उघडत नाही."

"ती? ती मम्मीला पण उघडायची नाही. काकी बरोबर उघडायची. तिला काहीतरी युक्ती माहीत होती."

"कसली?"

"मी कधी विचारलंच नाही."

फोन ठेवल्यावर मी पुन्हा तिथे गेलो. खिळे काढलेत, कडी मोकळी आहे, बिजागऱ्यांना तेल घातलंय. वर उचलून बघितली, खालून ढकलून बघितली, खांदा लावला. जास्त जोर केला तर चौकट निघेल. गॉडफ्रेला विचारलं. तो म्हणाला, आम्ही बाहेर चुलीपाशी बसायचो, आत ती एकटीच जायची.

बाकी घर झालं आहे. गॉडफ्रेने मला वाक्य करायला सांगितलंय, ते मनात जुळवतोय. नाताळला शर्ली येईल तेव्हा ती मागची खोलीच आधी उघडेल, तिची लहानपणची आहे. ती खिडकी अजून उघडायची राहिली आहे.